फाउंड्री लेनचं गरम पाणी

थॉर्नमिन्स्टर, ३ मार्च २०२५

वैजयंतीताई,

काल दारातून एकदमच निवडणुकीची दोन पत्रकं आत पडली. एकावर माझा फोटो, दुसऱ्यावर तुमचा. अवधूतनी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाले, "बाप्पा! मुलाची आई आणि मुलीची आई एकाच खुर्चीसाठी! नागपूरला कळवू नको, लोक तिकिटं काढून येतील."

तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत म्हणून रागवावं असं ठरवलं होतं. पण मीही तुम्हाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते जमेना.

फोन करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो, आणि साखरपुड्यानंतर मुलांनी काढलेल्या त्या 'दोन घरं' ग्रुपवर माझ्या झाडून सगळ्या नणंदा आहेत. म्हणून हे पत्र. नदीच्या या काठावरून त्या काठावर जायला दोन दिवस घेईल, तेवढ्यात मी काही वावगं लिहिलं असेल तर तुमच्या दारात येऊन काढून घेईन.

पुण्याच्या तुमच्या मंडळींना तुम्ही हे पद काय म्हणून समजावलंत? माझ्या मोठ्या नणंदेला मी सांगितलं, की कौन्सिलने पैसे उधळून शहर बुडवायला आणलं, तेव्हा लोकांनीच मतदान करून सिटी ऑडिटर नावाचा एक माणूस मागून घेतला. कौन्सिलच्या खर्चावर डोळा ठेवायचा आणि काय दिसलं ते थेट लोकांना सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे तू घरी करतेस तेच." मी उभी आहे ती फाउंड्री लेन बाथ्ससाठी. तो पोहण्याचा तलाव कौन्सिल बंद करायला निघालं आहे आणि मला ते होऊ द्यायचं नाही.

सप्टेंबरात मायरा सून होऊन आमच्या घरी येणार. तेव्हा एक अट घालते. व्यासपीठावर आपण एकमेकींच्या घराबद्दल बोलायचं नाही, नात्याबद्दलही नाही. पटतंय का?

आपली,
सुलक्षणा पांढरीपांडे


थॉर्नमिन्स्टर, ७ मार्च

सुलक्षणाताई,

अट मान्य. मी ती न सांगताही पाळली असती.

मी का उभी राहिले, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. तीस वर्षं मी हॉस्पिटलांचे जमाखर्च तपासले. मायराचे बाबा गेल्यावर घरात तपासण्यासारखं काही उरलं नाही. या शहरात नगरसेवक मोठ्या उत्साहाने नदीवर काचेचा पूल बांधतात आणि शाळेच्या वाटेवरचे दिवे मात्र महिनोन् महिने बंद राहतात. ते पाहून माझा जीव खालीवर होतो.

फाउंड्री लेनबद्दल मात्र तुम्हाला माझ्याकडून सवलत मिळणार नाही. मोठा तलाव अर्धा रिकामा असतो. शेजारच्या त्या छोट्या गरम तलावात तर बोटांवर मोजण्याइतकी माणसं उतरतात आणि त्यांच्यासाठी दिवसरात्र गॅस जळतो. मला स्वतःला पोहता येत नाही, पण माझ्या मताचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी सभेत स्पष्ट बोलणार आहे.

घराचा विषय निघालाच आहे, तर एकदाच बोलून टाकते. साखरपुड्याला माझा अतुलदादा लंडनच्या हॅरोहून आला होता. शहात्तर वर्षांचा माणूस नारळ आणि शाल घेऊन व्याहीभेटीसाठी अवधूतरावांसमोर उभा राहिला आणि ते सोफ्यावरून उठले नाहीत. बसल्या जागी शाल मांडीवर घेतली. संध्याकाळभरात चार शब्द बोलले असतील. परतताना गाडीत दादाने मला विचारलं, "आपलं काही चुकलं का गं?" वरपक्षाचा तोरा आता संपला असेल असं मला वाटत होतं.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

वैजयंती दामले


थॉर्नमिन्स्टर, १६ मार्च

वैजयंतीताई,

शुक्रवारच्या सभेनंतर दोन दिवस मी हसते आहे आणि मधूनमधून मला रडूही येतं आहे.

आपण ठरवलं होतं नात्याबद्दल बोलायचं नाही. पण नातं गप्प बसलं का? तुम्ही काचेच्या पुलावर बोललात आणि मी टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली तर तुम्ही माझ्यासाठी ग्लासात पाणी ओतलंत. सूत्रसंचालन करणाऱ्या मिसेस प्राइसनी विचारलं, आता कोण बोलणार, तर मी म्हणाले "आफ्टर यू" आणि तुम्ही म्हणालात "नो, नो, प्लीज". असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी तो तिसरा उमेदवार कॉलिन हार्पर उठला आणि दोघींची मिनिटं खाऊन गेला. आयुष्यभर घरं विकली त्याने, त्याला तोंड बंद ठेवायचं माहीतच नाही. पेपरात आलं आहे, की दोन महिला उमेदवारांचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं.

बाथ्सवर मात्र तुम्ही मला सोललंत. एका माणसाच्या एका आंघोळीमागे किती खर्च, असं विचारलंत तेव्हा सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी म्हणाले, लायब्ररीतल्या एका पुस्तकामागे किती आणि बागेतल्या एका बाकड्यामागे किती, ते सांगा. बागेतल्या बाकड्यावर मिळकत दाखवायची म्हटलं तर बागाच बंद कराव्या लागतील. लोकांना ते आवडलं. तुम्हाला आवडलं नाही, तुमच्या भुवईवरून कळलं.

राहता राहिला साखरपुडा. अवधूत बसले होते हे खरं. त्यांची तशी पद्धत आहे. आमच्याकडे वडीलधारे पुरुष उठाबशा काढत नाहीत. अतुलदादांना वाईट वाटलं असेल तर तसं व्हायला नको होतं, पण त्याचा तुम्ही एवढा बाऊ कराल असं वाटलं नव्हतं.

सुलक्षणा


थॉर्नमिन्स्टर, १९ मार्च

सुलक्षणाताई,

पद्धत असेल तर माझं काही म्हणणं नाही. लग्नात आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना तुमची पद्धत आधी समजावून ठेवीन, म्हणजे कोणी हात पुढे करून उभं राहणार नाही.

मायराला यातलं काही कळू दिलेलं नाही. ती आणि कबीर ग्लासगोत घर बघत आहेत आणि आनंदात आहेत.

तुमचा बाकड्याचा मुद्दा चांगला होता. मी घरी येऊन त्यावर विचार केला. पण बाकडं एकदा ठेवलं की ते जेवायला मागत नाही. तलाव रोज मागतो. तरीही केवळ कागदावरून मत देणं बरोबर नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात मी स्वतः फाउंड्री लेनला जाऊन तो छोटा तलाव बघणार आहे. काय दिसलं ते शेवटच्या सभेत सांगेन.

वैजयंती


थॉर्नमिन्स्टर, २२ मार्च

वैजयंतीताई,

जरूर जा. माझी काही हरकत असायचं कारण नाही. फक्त मंगळवारी सकाळी जाऊ नका. त्या दिवशी शाळेची मुलं असतात, गोंगाट असतो, पार्किंगही मिळत नाही. गुरुवार चांगला. गुरुवारी मॅनेजर असतो, तो सगळं नीट दाखवेल.

पाहुण्यांच्या यादीचं काय करायचं ते पाडव्यानंतर बोलू.

घाईत,
सुलक्षणा


थॉर्नमिन्स्टर, २६ मार्च

सुलक्षणाताई,

हिशेब तपासणाऱ्या माणसाला अमुक दिवशी येऊ नका असं कधी सांगू नये. मी मंगळवारीच गेले.

शाळेची मुलं नव्हती. गाड्या लावायला हवी तेवढी जागा होती. छोट्या तलावाच्या दाराला काच आहे, तिच्यातून मी पाहिलं. अवधूतराव छातीभर पाण्यात होते, उजवा हात कठड्यावर होता. डावा पाय पुढे जाण्याआधी ते थांबत होते, त्याची जणू परवानगी मागत होते. तुम्ही काठावरून त्यांच्याबरोबर चालत होतात, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि मोठ्याने मोजत होतात. भिंतीपर्यंत पोचल्यावर ते हसले. त्या माणसाला मी याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

मी आत आले नाही. ते साखरपुड्याला का उठले नाहीत हे तेव्हा कळलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. दादाला रात्री फोन केला. तो म्हणाला, "मग मीच का नाही गं बसलो त्यांच्याशेजारी?"

मला फार वाईट वाटलं आहे. ते आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की वाटलेलं नाही.

तलावाबद्दलचे माझे आकडे बदललेले नाहीत. आणि तुम्ही एक गोष्ट लपवली आहे. जी व्यक्ती लोकांच्या पैशांवर नजर ठेवायला निघाली आहे, तिच्या नवऱ्याचं चालणं त्याच पैशांवर अवलंबून आहे. लोकांना हे कळल्यावरही ते तुम्हाला मत देतील, कदाचित जास्तच देतील. पण त्यांना कळलं पाहिजे. पंचवीस एप्रिलच्या सभेत मिसेस प्राइस सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारणार आहेत, की कौन्सिलच्या कुठल्या खर्चात तुमचा किंवा घरच्यांचा हितसंबंध आहे का. तेव्हा सांगा.

वैजयंती


थॉर्नमिन्स्टर, ३० मार्च, पाडवा

वैजयंतीताई,

गुढी उभारली, श्रीखंड केलं आणि मग तुमचं पत्र पुन्हा वाचायला बसले.

नोव्हेंबरात त्यांना झटका आला. सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून पडला आणि मागोमाग तेही. बोलणं महिन्याभरात परतलं, पण अडखळतात, म्हणून चारचौघांत गप्प राहतात. डावा पाय अजून जमिनीवर ऐकत नाही. फक्त त्या पाण्यात ऐकतो. फिजिओ म्हणाली, गरम पाणी सोडू नका. असा दुसरा तलाव ब्रिस्टलला आहे आणि तिथे नंबर लागायला वर्ष जाईल.

नागपूरच्या मंडळींना आम्ही पाठदुखी सांगितली. कबीरला खरं माहीत आहे, पण कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे. साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे यायच्या आधीच मी त्यांना सोफ्यावर बसवलं. अतुलदादा समोर उभे राहिले तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला होता, वैजयंतीताई. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात दाबला. सगळ्यांसमोर पडले असते. रात्री मला म्हणाले, "गर्विष्ठ म्हणतील तर म्हणू दे. बिचारा नको म्हणायला." मग तुम्ही विचारलंत तेव्हा मी पद्धत सांगितली. असली काही पद्धत आमच्या घरात नाही. आमच्याकडे पोस्टमन आला तरी अवधूत उठायचे.

सभेत सांगायचं तुम्ही म्हणता. काय सांगू? माझ्या नवऱ्याच्या पायासाठी उभी आहे? दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो येईल. ज्या माणसाने आपल्या व्याह्यांना कळू दिलं नाही, त्याचं दुखणं मी गावभर वाटू का? मी सांगणार नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर तुम्ही सांगा, तुमचा माइक वेगळा आहे. पण मग सप्टेंबरात मांडवात आपण एकमेकींच्या तोंडाकडे कसं बघायचं, तेही सांगा.

सुलक्षणा


थॉर्नमिन्स्टर, ३ मे

सुलक्षणाताई,

अभिनंदन. तुम्ही निवडून आलात. कॉलिन दुसरा आला हे पाहून करमणूक झाली. माझी मतं मला अपेक्षित होती त्याहून थोडी जास्तच आहेत, बहुधा मराठी मंडळातल्या ज्यांना दोघींना दुखवायचं नव्हतं त्यांनी नाणं उडवलं असावं.

पाडव्याच्या तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण काय करायचं ते ठरत नव्हतं. पंचवीस तारखेला सभागृहात शिरेपर्यंत ठरलं नव्हतं. मिसेस प्राइसनी विचारलं. कॉलिनने बाजारपेठेतलं त्याचं दुकान सांगितलं. तुम्ही माइक जवळ ओढलात आणि म्हणालात, "नथिंग टु डिक्लेअर." तुमचा आवाज अगदी स्थिर होता. मग माझी पाळी आली. माझा हितसंबंध विचारला होता, तुमचा नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि मीही तेच तीन शब्द म्हणाले. त्यानंतर बाथ्सचा विषय निघाला आणि मी एकही आकडा सांगितला नाही. लोकांना वाटलं मी थकले आहे.

मायराच्या लग्नासाठी गप्प बसले, असं मी घरी येताना मनाशी म्हटलं. ते पूर्ण खरं नाही. अवधूतरावांच्या खांद्यावरच्या तुमच्या त्या हाताचा मी विचार करत होते. मायराच्या बाबांना शेवटच्या दिवसांत मीही असंच बसवून ठेवत असे.

मी कोणाला सांगणार नाही. पण आता त्या खुर्चीवर तुम्ही बसाल आणि बाथ्सच्या खर्चाचा कागद तुमच्यासमोर येईल. त्यावर तुम्ही सही केलीत, तर तलाव वाचेल आणि तुमच्या पुढच्या कुठल्याही सहीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. बाकीचं तुम्ही ठरवा.

मंगळवारी सकाळी तुम्हाला आता ऑफिस असेल. अवधूतरावांची हरकत नसेल तर त्यांना फाउंड्री लेनला मी घेऊन जाईन. माझ्याकडे गाडी आहे आणि मोजताही येतं.

वैजयंती


थॉर्नमिन्स्टर, ८ जून

वैजयंतीताई,

तुम्ही रोज पेपर वाचता, तेव्हा झालेलं तुम्हाला माहीत आहे. तरी माझ्याकडून ऐका.

तुमचं पत्र आलं त्या रात्री अवधूतना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "काहून लपवलं आपण एवढं? चोरी केली का?" मी म्हणाले, तुम्हीच तर सांगितलं होतं. तर म्हणाले, "मी तर कायबी सांगतो. तू कधीपासून ऐकायला लागलीस?" तिसऱ्या दिवशी कौन्सिलला लेखी कळवलं, की सभेत मी खोटं बोलले. तो आठवडा फार वाईट गेला. कॉलिनने राजीनामा मागितला. बसमध्ये एक बाई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की सगळे सारखेच. शेवटी कौन्सिलने ताशेरे ओढून मला पदावर ठेवलं, पण बाथ्सच्या कागदाला मी हात लावायचा नाही. बरोबरच आहे. पेपरात अवधूतचा फोटो आला, त्यांनी तो कापून फ्रीजवर लावला आहे. म्हणतात, बारीक दिसतो आहे.

आणि आपली मुलं! मायराला कबीरने डिसेंबरातच सगळं सांगितलं होतं, माझी शपथ गेली खड्ड्यात. मी फोनवर तिच्याशी बोलताना रडले तर ती म्हणते, "काकू, डोन्ट क्राय, मला वाटला आईला माहिती आहे. ती एवढी सगळी तपासते ना!" मी रडता रडता हसले.

आता कामाचं. बाथ्सची तपासणी बाहेरच्या कोणीतरी करायची आहे आणि त्यासाठी नाव सुचवायचा अधिकार माझा आहे. मी तुमचं नाव दिलं. कौन्सिलने लगेच मान्य केलं, कारण त्या तलावाविरुद्ध तुमच्याइतकं कोणीच बोललेलं नाही. तुम्ही बंद करा म्हणालात तर मी एक शब्द काढणार नाही, हे वचन देते. अवधूतनाही सांगितलं आहे. गेले पाच मंगळवार तुम्ही त्यांना नेता आहात, त्याचं ओझं मनावर ठेवू नका. तुमच्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही, म्हणून तुम्हीच हव्यात.

तुमची विहीण,
सुलक्षणा


थॉर्नमिन्स्टर, १२ जून

सुलक्षणाताई,

नेमणुकीचं पत्र मिळालं. तुम्ही माझ्यावर टाकलेल्या विश्वासाने मला बरं वाटलं, ते पत्र मी दोनदा वाचलं. पण हे काम मला घेता येणार नाही.

मार्चमध्ये विचारलं असतं तर आठवड्यात अहवाल दिला असता आणि तलाव बंद करा म्हटलं असतं. आकडे आजही तेच आहेत. परवा मी ते पुन्हा काढून बसले. गॅस जरा कमी धरला, येणारी माणसं जरा जास्त धरली, दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली. मग लक्षात आलं की मी काय करते आहे. हेच करणाऱ्या माणसांना मी तीस वर्षं पकडत आले. सगळे कागद फाडून टाकले.

तुम्हाला अवधूतरावांनी सांगितलं नसेल, कारण मीच नको म्हणाले होते. तिसऱ्या मंगळवारपासून मी पाण्यात उतरते. काठावरून मोजणं मला जमेना, फार लांब वाटत होतं. गेल्या मंगळवारी ते कठडा सोडून सात पावलं चालले आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की लाइफगार्ड धावत आला. अवधूतराव त्याला म्हणाले, "शी इज माय ऑडिटर."

ब्रिस्टलहून कोणालातरी बोलवा. आपल्यापैकी कोणाला न ओळखणारा आणि त्या पाण्यात कधी पाय न बुडवलेला माणूस हवा. तो बहुधा बंद करा म्हणेल. मग मी त्याच्या अहवालात चूक शोधत बसेन, आणि ती सापडणार नाही याची मला आतापासून धास्ती आहे.

कौन्सिलला माझा नकार कळवताना कारण द्यावं लागेल. ते असं लिहा: वैजयंती दामले यांचा या तलावात हितसंबंध आहे. त्यांच्या घरचं एक माणूस तिथे चालायला शिकतं आहे आणि त्याने चालावं असं त्यांना फार वाटतं.

तुमची विहीण,
वैजयंती